शर्यतीचा रस्ता, सुगीचा रस्ता

हिरण्यकेशी आंबोलीच्या डोंगरात उगम पावते, आजरा आणि गडहिंग्लज हे तालुके ओलांडून संकेश्वरास येते आणि पुढे घटप्रभेला मिळते. तिच्या खोऱ्यात वरच्या अंगाला भात आणि नाचणी, आणि जसजसे खाली उतरावे तसतसा ऊस, भुईमूग, सोयाबीन आणि ती सुप्रसिद्ध संकेश्वरी मिरची, असा पिकांचा क्रम लागलेला आहे. दोन राज्यांची हद्द या खोऱ्यातून गेली आहे. पिकांना आणि पाण्याला तिची दखल नाही. माणसांचे म्हणाल तर ते निराळे प्रकरण आहे, आणि त्यात शिरणे हे या सदराचे काम नव्हे. आज आम्हांस सांगावयाचे आहे ते या खोऱ्यातील एका साध्या डांबरी रस्त्याविषयी. त्या रस्त्यावर डिसेंबरात सायकलींची शर्यत व्हावयाची आहे, आणि हा मजकूर लिहीत असता तिला तीन आठवडे उरले आहेत.

शर्यत एका तरुण मंडळाने योजिली आहे. खुल्या गटासाठी अंतर ४० किलोमीटर: नदीच्या अंगाने २० किलोमीटर जावयाचे, शेवटी एक खिंड चढावयाची आणि वळून त्याच वाटेने परत यावयाचे. शाळकरी गटासाठी १५ किलोमीटर. पहिल्या बैठकीत एका गृहस्थांनी सुचविले, की मुलींना आठ किलोमीटर पुरेत. तेव्हा आम्ही शाळेत येणाऱ्या मुलांच्या वाड्यावस्त्यांची यादी काढून त्यांच्यापुढे ठेविली. माळावरच्या वाडीतून ज्या मुली सायकलीने शाळेत येतात, त्यांचे जाऊन-येऊन रोजचे अंतर १४ किलोमीटर भरते, आणि तेही पाठीवर दप्तर घेऊन. गृहस्थ सज्जन होते. हसले आणि म्हणाले, "मग पंधराच करा, गुरुजी."

या मुलींपैकी कित्येकींच्या सायकलींना स्वतःचा इतिहास आहे. २००६-०७ या वर्षापासून कर्नाटक शासनाने सरकारी शाळांतील आठवीच्या मुलामुलींना सायकली देण्यास आरंभ केला. पुढे काही वर्षांनी ते वाटप थांबले, पण सायकली थांबल्या नाहीत. थोरल्या बहिणीची धाकटीकडे आली, धाकटीची चुलतभावाकडे गेली; मधल्या काळात तिने दुधाची किटली वाहिली, गवताचा भारा वाहिला, आजीला दवाखान्यात नेले. अशी एक सायकल १८ ते २० किलो वजनाची असते. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे शर्यतीच्या सायकलीचे वजन ६.८ किलोहून कमी असू नये असे बंधन आहे, हे आम्ही वर्गात सांगितले तेव्हा मुले बराच वेळ हसत होती. कमी असू नये म्हणून नियम करावा लागतो, ही कल्पनाच त्यांना अद्भुत वाटली!

मंडळाच्या पहिल्या दोन बैठका व्यासपीठ, ध्वनिक्षेपक, शाली, श्रीफळे आणि फलकावर कोणाकोणाची छायाचित्रे असावीत, या विषयांत संपल्या. यात नवल करण्यासारखे काही नाही. फ्रान्सची ती जगद्विख्यात फेरी, तूर द फ्रान्स, १९०३ साली सुरू झाली ती मुळी एका क्रीडाविषयक वृत्तपत्राचा खप वाढावा म्हणून. त्या पत्राचा कागद पिवळा होता आणि १९१९ पासून आघाडीवरच्या स्वाराच्या अंगावर पिवळी बंडी चढली. शर्यत आणि जाहिरात यांचा सोयरसंबंध असा जुना आहे. आमची तक्रार एवढीच होती, की ज्या रस्त्यावरून शर्यत जावयाची, त्या रस्त्याचे नाव दोन्ही बैठकांत कोणी काढले नाही.

तो रस्ता सुगीच्या दिवसांत ज्यांनी पाहिला असेल, त्यांस आमची काळजी उमजेल. पहाटे दुधाच्या किटल्या डेअरीकडे निघतात. थोडे उजाडले की धनगरांची मेंढरे, मग शाळेची पोरे, मग एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या जोडून कारखान्याकडे झुलत जाणारा ऊस. त्यातून गळालेली कांडी आणि वाढ्याच्या पेंढ्या रस्त्यावर पडतात, आणि त्या उचलण्यासाठी म्हशी आणि म्हातारी माणसे बरोबरच धावतात. आणि या सगळ्याच्या मधोमध, जेथे ऊन चांगले लागते आणि डांबर गुळगुळीत आहे तेथे, नाचणीची कणसे आणि भाताच्या पेंढ्या पसरलेल्या असतात, की येणाऱ्या-जाणाऱ्या वाहनांच्या चाकांखाली आपोआप मळणी व्हावी. आमच्या खोऱ्यात रस्ता म्हणजे सर्वांचे सामाईक अंगण झाले आहे.

यावर शहरातले पाहुणे चटकन रागावतात. राग अगदीच अनाठायी नाही, कारण मोटारसायकलीवरून पेंढ्यावर घसरून हातपाय मोडून घेतलेली माणसे आम्हीही पाहिली आहेत. परंतु शेतकरी असे का करतो, हे विचारले पाहिजे. पूर्वी प्रत्येकाचे खळे असे. ते चोपून, शेणाने सारवून, मधोमध तिवडा रोवून बैलांची पात फिरविली जाई. आज बैल विकले गेले, सारवायला माणूस मिळत नाही, आणि खळ्याची जागा उसाखाली गेली. मळणीयंत्र आहे, पण दहा-बारा गुंठ्यांच्या नाचणीसाठी यंत्रवाला माळावरच्या वाडीत येत नाही, आला तर त्याचे भाडे धान्याच्या किमतीला भिडते. मग उरतो तो रस्ता. रस्त्यावर मळलेल्या धान्यात खडे येतात, तेलाचे डाग येतात, हे आम्हांआधी त्यालाच ठाऊक असते, कारण ते धान्य त्याच्याच घरी शिजते.

तिसऱ्या बैठकीस आम्ही आग्रहाने चार शेतकऱ्यांना बोलाविले. त्यांपैकी एक वयोवृद्ध होते. सारे गाव त्यांना तात्या म्हणते. मंडळाच्या चिटणिसाने मोठ्या उत्साहाने शर्यतीचा बेत सांगितला. तात्यांनी सगळे ऐकून घेतले आणि आमच्याकडे वळून म्हणाले, "गुरुजी, पोरास्नी वाट देऊ की. आमचीच पोरं हाईत. पर माझी नाचणी कुठं मळू, त्येवढं सांगून जावा."

बैठकीत कोणापाशीच उत्तर नव्हते. एका तरुणाने पोलिसांचे नाव काढले; त्याला त्याच्याच चुलत्याने डोळ्यांनी गप्प केले. आमच्या मते त्या दिवशी शर्यतीचा प्रश्न प्रथमच नीट मांडला गेला. एका बाजूस मुलांचे हातपाय होते आणि दुसऱ्या बाजूस एका घराची वर्षभराची भाकरी. यांतले एक निवडा, असे सांगण्याचा अधिकार कोणत्याही मंडळास नाही.

अशा वेळी दूरची उदाहरणे उपयोगी पडतात. निदान धीर तरी देतात. इंग्लंडात यॉर्कशर नावाचा मेंढपाळांचा आणि गवताळ खोऱ्यांचा प्रांत आहे. २०१४ साली फ्रान्सच्या फेरीचा आरंभ तेथून झाला. ५ जुलैस लीड्सहून हॅरोगेटपर्यंतचा १९०.५ किलोमीटरांचा पहिला टप्पा वार्फ, यूर आणि स्वेल या नद्यांच्या खोऱ्यांतून गेला. दगड रचून केलेल्या गावकुसांमधले ते रस्ते अरुंद आहेत आणि जुलै हा तेथे गवत कापून वाळविण्याचा महिना. शर्यतीच्या दिवशी रस्ते बंद राहिले. तरीही शेतकऱ्यांनी आपली कुरणे वाहनतळांसाठी आणि तंबूंसाठी मोकळी करून दिली. जुन्या सायकली पिवळ्या रंगवून कुंपणांवर टांगल्या गेल्या. बायकांनी लोकरीच्या इवल्या इवल्या बंड्या विणून हजारोंच्या संख्येने त्यांच्या माळा बांधल्या. एका गावी तर असा पेच पडला, की पावसात ही लोकर भिजली तर तिच्या ओझ्याने दिव्यांचे जुने खांब वाकतील, आणि माळा उतरवाव्या लागल्या. आपल्याकडच्या समित्यांनाच असे पेच पडतात, असा वाचकांचा समज असेल तर तो त्यांनी सोडून द्यावा.

त्याच प्रांताने पाच वर्षांनी दुसरा धडा शिकविला. २९ सप्टेंबर २०१९ रोजी तेथे पुरुषांची जागतिक विजेतेपदाची शर्यत होती. पाऊस एवढा कोसळला, की रस्त्यांवर पाणी आले, आणि आयोजकांना दोन मोठे चढ गाळून वाट वीसहून अधिक किलोमीटरांनी तोकडी करावी लागली. डेन्मार्कचा मॅड्स पेडरसन जिंकला आणि शर्यत अविस्मरणीय ठरली. खोऱ्यात शर्यत न्यावयाची असेल तर नदीचा आणि आभाळाचा शब्द शेवटचा, हे आयोजकांनी मनाशी धरून ठेवावे.

मात्र आम्हांस सर्वांत जवळचे वाटले ते तिसरे उदाहरण. फ्रान्सच्या उत्तर भागात पॅरिस-रूबे नावाची शर्यत १८९६ पासून होत आली आहे. तिचे वैशिष्ट्य असे, की ती मुद्दाम शेतांमधल्या जुन्या, दगड बसविलेल्या गाडीवाटांवरून नेली जाते. एके काळी तेथील गावांना या वाटांची लाज वाटे. चित्रवाणीवर आपले गाव मागासलेले दिसेल, म्हणून त्यांवर डांबर घालण्याचा सपाटा चालला होता. पुढे लोकांच्या ध्यानात आले, की जगभरचे लोक जे पाहण्यास येतात, ते त्या दगडांसाठीच. आज त्या वाटा जपण्यासाठी तेथे एक मित्रमंडळ आहे, आणि शर्यतीपूर्वी निखळलेले दगड पुन्हा बसविण्याचे काम रेम या गावच्या बागायती विद्यालयाचे विद्यार्थी करतात. हे वाचून आम्हांस विलक्षण आनंद झाला. शर्यतीत भाग न घेणारी मुलेही शर्यत घडवितात, आणि ती घडवितात रस्त्यावर गुडघे टेकून!

तर आमच्या खोऱ्यात जे ठरले ते असे. शाळेच्या व्यवस्थापन समितीची संमती घेऊन आम्ही शाळेचे मैदान पंधरा दिवसांसाठी खळे म्हणून देऊ केले. तात्यांची नाचणी, त्यांच्या शेजाऱ्यांची नाचणी, खालच्या अंगाचे थोडे भात, अशा अकरा घरांच्या पेंढ्या एके ठिकाणी आल्या. एकट्यादुकट्यासाठी जो यंत्रवाला येत नव्हता, तो अकरा घरांसाठी आनंदाने आला. भाडे पेंढ्यांच्या गाड्यांप्रमाणे वाटले गेले. यंत्र रविवारी आणि शाळा सुटल्यावर चालते. तरीही भुसा वर्गात येतो आणि नववीच्या वर्गात व्याकरणाच्या तासाला दोन मुले हमखास शिंकतात. खो-खो चिंचेखाली सरकला आहे. मुलांनी कुरकूर केली, परंतु यंत्रातून नाचणीची तांबूस धार पोत्यात पडताना पाहण्यासाठी तीच मुले सर्वांत पुढे उभी होती. तात्यांनी धान्य हातावर घेऊन फुंकले, एक दाणा दाताखाली धरला आणि म्हणाले, "खडा न्हाई." अभिप्राय म्हणून आम्हांस तो पुरेसा वाटला.

वेळेचा प्रश्न दुसरा. मंडळास सकाळी सातला आरंभ हवा होता, कारण पाहुण्यांना पुढे दुसरीकडे जावयाचे होते. पण आठपर्यंत डेअरीवर दूध येते, आणि आमच्या शाळकरी स्पर्धकांपैकी निम्मे स्वतःच दूध घालून येतात. तेव्हा आरंभ साडेआठला ठेविला. आधी मुली, मग मुलगे, शेवटी खुला गट. साडेअकरापर्यंत रस्ता मोकळा. पाहुण्यांनी उशीर होईल असे कळविले आहे. दुधाने उशीर सहन केला नसता, पाहुणे करतील.

तिसरा आणि सर्वांत बिकट प्रश्न उसाच्या ट्रॉल्यांचा. तोडलेला ऊस जितका पडून राहील तितका वाळतो आणि वजनात घटतो. तीन तासांचा खोळंबा कोणाच्या तरी खिशातून जातो. आमच्याकडे तोडणीस बीडकडून माणसे येतात आणि माळावर पाले ठोकून चार-पाच महिने राहतात. मुकादम, ट्रॅक्टरवाले आणि मंडळ यांची बैठक पालांपाशीच झाली. त्या दिवशी भरलेल्या ट्रॉल्या साडेसातच्या आत रस्त्याबाहेर काढावयाच्या, आणि मागे राहतील त्यांनी फडातच थांबावयाचे, असे ठरले. बोलता बोलता एक ट्रॅक्टरवाला म्हणाला, की दिवसाच्या शर्यतीपेक्षा रात्रीच्या ट्रॉल्यांची काळजी करा. मागे दिवा नसतो आणि मोटारसायकलवाले येऊन धडकतात. हे खरे होते. मंडळाने शालींचा आणि श्रीफळांचा खर्च वगळला आणि त्या पैशांतून लाल परावर्तक पट्ट्या आणून या रस्त्यावरच्या ट्रॉल्यांना आणि बैलगाड्यांना मागून लावण्याचे ठरविले. निम्म्या लावून झाल्या आहेत. रात्री शाळेजवळच्या वळणावर उभे राहिले, की त्या दूरवरून चमकताना दिसतात.

त्याच पालांतून एक मुलगा सरावाच्या वेळी रोज येऊन बसू लागला. प्रथम तो हवा मारण्याचा पंप धरून उभा राही. मग कोणाची चेन पडली की बसवून देई. मग एके दिवशी त्याने विचारले, की मला चालवू द्याल का? मंडळाच्या नियमात स्पर्धक तालुक्याचा रहिवासी असावा असे कलम होते. या कलमावर आम्ही अडून बसलो. जो मुलगा या खोऱ्याचा ऊस तोडणाऱ्या आईबापांबरोबर येथे राहतो, सकाळी आमच्या सातवीच्या वर्गात येऊन बसतो, तो त्या दिवशी येथलाच आहे, असे आमचे म्हणणे होते. चर्चा थोडी तापली. अखेर शाळकरी गटापुरते ते कलम काढण्यात आले. सायकल त्याला आमच्या शिपायाने दिली आहे.

आता सरावाविषयी थोडे सांगतो, कारण अन्य ठिकाणच्या पालकांस आणि शिक्षकांस ते उपयोगी पडेल. दसऱ्याची सुट्टी संपली तेव्हा आरंभ केला. पहिल्या आठवड्यात पाच किलोमीटर, आणि मग दर आठवड्यास थोडेथोडे वाढवीत पंधरा. आठवड्यातून दोन दिवस पूर्ण विश्रांती. मुलांस विश्रांती म्हणजे आळस वाटतो. त्यांस सांगावे लागते, की शेत जसे पाणी दिल्यावर वाफसा येईपर्यंत सोडावे लागते, तसेच पायांचे आहे. शेवटच्या आठवड्यात अंतर निम्म्यावर आणावयाचे, म्हणजे शर्यतीस पाय ताजे राहतात.

सायकलींची तपासणी गावच्या दुकानदाराने विनामूल्य करून दिली. एकूण ३४ सायकली त्याच्या दारात उभ्या राहिल्या. ९ सायकलींचे ब्रेकचे रबर झिजून पत्रा रिमला लागत होता. ६ चाकांना आउट होता, तो स्पोक आवळून काढला. ४ टायरांतून आतली ट्यूब डोकावत होती. दोन सायकलींना ब्रेकच नव्हते. त्यांचे मालक चपलेने थांबत असत. चपलेचा ब्रेक शर्यतीस चालणार नाही, हे त्यांस पटविण्यास आम्हांस गणिताचा तास खर्च करावा लागला. ताशी ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदास १० मीटर. पुढे म्हैस दिसल्यापासून हात ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद गेला, तर तेवढ्यात सायकल आपल्या वर्गाच्या लांबीहून पुढे गेलेली असते, आणि थांबण्यास तेथून आरंभ होतो. आम्ही वर्ग पावलांनी मोजून दाखविला. मालकांनी ब्रेक बसविले. हेल्मेटावाचून कोणासही उभे करावयाचे नाही, असा नियम आहे. मंडळाने ३० हेल्मेटे घेतली. ती आधी मुली वापरतील आणि मग मुलगे.

सायकलस्वाराचा मोठा शत्रू चढ, असे सर्वांस वाटते. सपाटीवर ताशी ३० किलोमीटर वेगाने जाणाऱ्याची बहुतेक शक्ती हवा कापण्यातच जाते. वेग दुप्पट करावयाचा तर हवेशी झगडण्यास आठपट शक्ती लागते. म्हणूनच जाणते स्वार एकामागोमाग रांगेने जातात. मागच्याची पाव ते तिसरा हिस्सा मेहनत वाचते, आणि पुढचा थकला की बाजूस होऊन रांगेच्या शेवटी जातो. नदीकाठच्या वाऱ्यात आम्ही सहा-सहा मुलांच्या रांगा करून हे शिकविले. मागे राहणे सर्वांस लवकर आले. आपली पाळी संपली हे ओळखून बाजूस होणे मात्र भल्याभल्या मुलांस जमेना. एका चुणचुणीत मुलीने ते प्रथम साधले. तिला विचारले, कसे जमले? ती म्हणाली, "घरी आम्ही दोघी बहिणी जात्यावर बसतो, सर. हात भरून आला की दुसरीला खुंटा द्यायचा." जाते अजून कोणाच्या घरी फिरते, याचेही आम्हांस समाधान वाटले.

आहाराविषयी दुकानातील रंगीत पाण्याच्या बाटल्यांचा मोह मुलांस होतो. आमचा सल्ला साधा आहे. शर्यतीच्या आदल्या रात्री नेहमीचा भात किंवा भाकरी पोटभर; सकाळी दोन तास आधी नाचणीची आंबील आणि एक केळे; जवळ पाण्याची बाटली आणि गुळाचा खडा. शेंगदाणे उत्तम, पण ते पचनास वेळ घेतात, म्हणून शर्यत झाल्यावर खावेत. १५ किलोमीटरांना याहून अधिक काही लागत नाही. ४० किलोमीटरवाल्यांनी तासास अर्धा ते पाऊण लिटर पाणी घोटघोट प्यावे. आणि त्या दिवशी नवे काहीही खाऊ नये, नवी चप्पल किंवा नवा बूट घालू नये, सायकलीची बैठक वर-खाली करू नये. नवलाई पुढच्या रविवारसाठी राखून ठेवावी.

रस्त्यावर वळणावळणाला उभे राहण्यास आठवी ते दहावीची जी मुले शर्यतीत नाहीत ती नेमली आहेत. त्यांच्या हाती लाल फडके असेल. "सावकाश" आणि "निधान" असे दोन्ही भाषांतले फलक मुलांनी स्वतः रंगविले आहेत, कारण खालच्या गावांतली कानडी बोलणारी मंडळीही रस्त्यावर असणार. मुले आता खेळतानादेखील दोन्ही शब्द मिसळून ओरडतात. रस्त्यातले मोठे खड्डे मुरूम आणि खडी घालून भरले आहेत. त्या कामास तात्यांचे नातू आले होते, ज्यांतला एकही शर्यतीत नाही.

या सर्व खटाटोपातून एखादा मोठा खेळाडू निघेल काय, असे आम्हांस विचारले जाते. अशक्य नाही. आमच्याच राज्याच्या उत्तर भागात विजापूर आणि बागलकोट या कोरडवाहू जिल्ह्यांतून राष्ट्रीय पातळीचे कितीतरी सायकलपटू आले आहेत, आणि त्यांत शेतकऱ्यांची मुले पुष्कळ आहेत. परंतु तो हिशेब आम्ही मांडलेला नाही. आमच्यापुढे आज ३४ सायकली आहेत, ज्यांचे ब्रेक लागतात.

वाचकहो, हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा शर्यत होऊन गेलेली असेल. पहिले कोण आले, ढाल कोणी नेली, पाहुणे किती उशिरा आले, हे स्थानिक वर्तमानपत्रांतून कळेलच. आमच्या मनात घोळतो आहे तो पुढच्या सुगीचा प्रश्न. शर्यत नसेल त्या वर्षी अकरा घरे आपल्या पेंढ्या एकत्र आणतील काय? यंत्रवाल्यास निरोप कोण धाडील? तात्यांनी त्यावर आपले मत दिले आहे. ते म्हणाले, "पोरांनी शर्यत दरसाल ठेवावी, म्हंजे आमचं खळं दरसाल व्हतंय." शर्यतीचे याहून चांगले कारण मंडळास तरी सुचले नव्हते.

आपल्या गावी असा रस्ता असेल, आणि त्यावर सुगी आणि वाहने यांचा मेळ कोणी कसा घातला हे आपणांस ठाऊक असेल, तर अवश्य कळवावे. मैदान मोकळे व्हावयास अजून पाच दिवस आहेत, आणि खो-खोवाले आम्हांस रोज तारीख विचारीत आहेत.